वखारीचं शहर

ॲम्स्टरडॅममध्ये नवा माणूस खाली बघत चालतो. खाली पाणी असतं, पाण्यात घरांची आणि पुलांच्या कमानींची प्रतिबिंबं असतात. शिवाय पायाशी सायकलींसाठी राखलेली लालसर पट्टी असते. तिच्यावर चुकून पाऊल पडलं की घंटी वाजवत कुणीतरी थेट अंगावर येतं. मी मात्र वर बघत होते. तिथल्या जुन्या घरांच्या अगदी शेंड्याला, त्रिकोणी कपाळाच्या मधोमध, एक जाडजूड तुळई रस्त्यावर डोकावलेली असते आणि तिच्या टोकाला लोखंडी आकडा. एखाददुसऱ्या घराला नाही, ओळीनं जवळजवळ सगळ्यांना. आजूबाजूला पांढऱ्या दगडाच्या माळा, वेलबुट्टी, कुठे मासे, कुठे फळांचे घोस, आणि त्या सगळ्या नटण्याच्या बरोबर मध्ये हा हमालीचा आकडा.

“हे काय गं?” मी भाचीला विचारलं. ती नोकरीमुळे ॲम्स्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टेलवेनला राहते. तिथे आता आपली माणसं इतकी झाली आहेत की भाजी घेतानाही मराठी कानावर पडतं.

“सामान चढवायला, मावशी. इथले जिने बघितलेस का?”

जिने बघितले होते. पायरीवर निम्मंच पाऊल मावतं, आणि उतरताना तोंड भिंतीकडे करून उतरलेलं बरं. त्यातून गोदरेजचं कपाट वर नेणं सोडाच, भरलेली सूटकेस नेली तरी पुरे.

पण सांगितलेलं कळणं वेगळं आणि बघून कळणं वेगळं. ब्राउवर्सग्राख्त नावाच्या कालव्याजवळ एका गल्लीत दोघेजण सोफा चढवत होते. आकड्याला कप्पी अडकवलेली, तिच्यातून हाताएवढा जाड दोर. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी चौकटीसकट उघडी करून ठेवलेली. सोफा जुन्या घोंगड्यांत गुंडाळून उभा बांधलेला. खालचा माणूस अंगाचा भार टाकून दोर ओढत होता आणि दर दोन-तीन हिसक्यांनी थांबून वर बघत होता. सोफ्याच्या पायाला दुसरा एक बारीक दोर बांधला होता. तो धरून त्याचा जोडीदार सोफा गरगर फिरू देत नव्हता. माझ्या लक्षात आलं की सोफा भिंतीला कुठेच घासत नाही. भिंतच मुळी पुढे झुकलेली होती. पायाशी उभं राहून वर बघितलं तर घर आपल्याकडे ओणवं होऊन बघतंय असं वाटतं. ही झुकण मुद्दाम ठेवलेली असते. माल वर जाताना भिंतीला, खिडक्यांना लागू नये म्हणून गवंड्यांनी घरंच पुढे कलती बांधली. काही घरं शेजाऱ्याच्या अंगावर कडेला कलली आहेत, ते मात्र पाया खचल्यामुळे. ती वेगळी गोष्ट.

सोफा खिडकीशी आला, आतून दोन हात बाहेर आले, त्यांनी तो आडवा केला आणि आत ओढून घेतला. गल्लीतल्या एकाही माणसानं मान वर केली नाही. भाची घड्याळ दाखवत होती, कारण आमच्या बोटीची वेळ झाली होती. पण मला ॲम्स्टरडॅम तिथेच कळलं. हे शहर म्हणजे वखार आहे. बाकीचं सगळं तिच्यावर चढवलेले दागिने.

बोटीत बसल्यावर तेच पुन्हा दिसत राहिलं. काचेचं छप्पर असलेली ती लांबट बोट, कानात लावायचं यंत्र, प्रत्येक पुलाखालून जाताना सगळ्यांचे एकदम वर जाणारे मोबाइल, हे सगळं व्हायचं तसं झालं. कानातला आवाज सांगत होता की दर्शनी भागाच्या रुंदीवर कर असल्यामुळे घरं अरुंद आहेत. हे तिथे सगळेच सांगतात. मला त्यापेक्षा सोपं कारण पटतं: पाण्याकाठची जागा महाग, कारण मालाची नाव तिथे लागते. मग समोरून चिंचोळं आणि मागे लांबच लांब घर बांधायचं, तळघरात आणि माळ्यावर माल ठेवायचा, मधल्या मजल्यांवर आपण राहायचं. व्यापारी माणूस असाच विचार करणार.

शहराभोवती अर्धवर्तुळात फिरणारे हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे मोठे कालवे 1613 पासून खणायला घेतले. 2010 साली हा सगळा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. कालवे खणायचे, त्यातून निघालेल्या मातीनं दलदल भरून काढायची, वर आखलेले प्लॉट विकायचे आणि त्या पैशांतून पुढचं काम करायचं, असा तो हिशोब. आणि जिथे प्लॉट तिथे आतली बातमी आलीच. फ्रान्स ऊटखेन्स नावाचे शहराचे एक बर्गोमास्टर, म्हणजे नगरप्रमुख, होते. शहर कुठे वाढणार हे त्यांना आधीच ठाऊक, कारण ठरवणाऱ्यांत तेच. तटाबाहेरची जमीन त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी आधीच घेऊन ठेवली. रिंग रोड कुठून जाणार हे ज्यांना वर्षभर आधी कळतं अशी माणसं आपल्याकडे प्रत्येक शहरात असतात. चारशे वर्षांपूर्वीच्या हॉलंडात ती भेटली तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

या देखण्या कालव्यांची आखणी प्रिन्सेनग्राख्तपाशी संपते आणि पलीकडे योर्डान सुरू होतं. तिथे कातडी कमावणारे, रंगारी, मजूर राहायचे. आतल्या बाजूला रेखीव आखणी. योर्डानमध्ये मात्र जुन्या कुरणांतले चर जसे होते तसेच रस्ते आणि छोटे कालवे करून टाकले. म्हणून नकाशात तो भाग तिरका दिसतो. त्यातले बरेचसे कालवे एकोणिसाव्या शतकात बुजवले. आज योर्डानमधली घरं घेणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही. जिथे चामडं भिजत पडायचं तिथे आता मेणबत्त्यांची आणि चीजची दुकानं आहेत.

वास हा विषय बोटीवाले टाळतात. त्या काळी संडासापासून रंगाऱ्याच्या हौदापर्यंत सगळं याच पाण्यात जायचं. उन्हाळ्यात हेरेनग्राख्तवरचे शेठ लोक शहर सोडून फेख्त नदीकाठच्या आपल्या बागबंगल्यांत जाऊन राहायचे. प्यायला पाणी म्हणजे पावसाचं साठवलेलं, नाहीतर बाहेरून नावांत भरून आणलेलं. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधून नळानं गोडं पाणी यायला 1853 उजाडलं. चहूकडे पाणी आणि प्यायचं पाणी विकत, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आता झडपा बंद करून, ताजं पाणी आत सोडून कालवे नियमित धुतात. कडक उन्हाळ्यात पोरं त्यात उड्याही मारतात.

बोटीतून उतरल्यावर एका गाडीवर हेरिंग खाल्ला. मिठात मुरवलेला, न शिजवलेला, वर बारीक चिरलेला कांदा आणि काकडीचं लोणचं. भाचीनं तोंड वाकडं केलं. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, माशाला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. लोण्यासारखा लागतो. एक लिंबू मात्र हवं होतं. ॲम्स्टरडॅम हेरिंगच्या काट्यांवर उभं आहे, अशी तिकडे म्हणच आहे. खारवलेल्या हेरिंगनं या लोकांच्या हातात पैसा आला, पैशांनी जहाजं आली.

खरं म्हणजे शहर उभं आहे लाकडावर. खाली मऊ चिखल आणि पीट, म्हणजे कुजक्या झाडपाल्याची भुसभुशीत माती. पक्की वाळू लागते ती साधारण 12 मीटरवर. तिथपर्यंत पोचतील असे खांब ठोकायचे, त्यांच्या डोक्यावर फळ्या, फळ्यांवर विटा. दाम चौकातला राजवाडा आधी नगरभवन होता. त्याच्या खाली 13,659 खांब आहेत. हा आकडा तिथल्या शाळकरी मुलांना पाठ असतो, कारण युक्ती सोपी आहे: वर्षाचे दिवस 365, पुढे 1 लावा, मागे 9. सेंट्रल स्टेशन तर पाण्यात भराव टाकून केलेल्या बेटांवर आहे, खाली 8,687 खांब. लाकूड पाण्याखाली बुडालेलं असेल तोवर कुजत नाही, कारण हवाच लागत नाही. जमिनीतलं पाणी खाली गेलं, खांबाचं डोकं उघडं पडलं, की संपलं. म्हणजे इथे भीती फक्त पूर यायची नाही, पाणी ओसरायचीही आहे.

काठाच्या भिंतींची अवस्था त्याहून वाईट. त्या बांधल्या हातगाड्यांसाठी, आणि वरून धावतात ट्रक. 1 सप्टेंबर 2020 ला विद्यापीठाजवळच्या ग्रिमबर्गवाल इथे काठाचा एक तुकडा सरळ कालव्यात कोसळला. आता शहराला सुमारे 200 किलोमीटर काठाची डागडुजी करायची आहे. त्यामुळे आजचा पर्यटक जे ॲम्स्टरडॅम बघतो त्यात ट्यूलिपपेक्षा लोखंडी पत्र्यांचे बांध आणि वाळूच्या गोणी जास्त दिसतात. मला त्यांचं वाईट वाटलं नाही. घर जुनं झालं की एका कोपऱ्यात गवंडी कायमचा मुक्कामाला असतोच.

प्रिन्सेनग्राख्त 263 बद्दल मी फारसं लिहिणार नव्हते, कारण ॲन फ्रँकची डायरी आपल्याकडे शाळेपासून माहीत असते आणि त्या घरात जाऊन आलेल्या प्रत्येकानं काही ना काही लिहिलेलं असतं. पण ते घरही वखारच आहे, हे मी तिथे जाईपर्यंत ध्यानात घेतलं नव्हतं. ॲनचे वडील ओटो फ्रँक यांचा धंदा जॅमला लागणाऱ्या पेक्टिनचा आणि मसाल्यांचा. खालच्या मजल्यावर मिरी नि मसाले दळले जायचे. समोरून चिंचोळं, मागे लांब, अशा त्या व्यापारी बांधणीत मागचा भाग रस्त्यावरून दिसतच नाही. मालासाठी केलेल्या त्या मागच्या घरात जुलै 1942 पासून नाझींच्या भीतीनं आठ ज्यू माणसं लपली. खाली वखारीतले कामगार असायचे, त्यांतल्या बहुतेकांना काही ठाऊक नव्हतं. म्हणून दिवसा पावलं दाबून चालायचं, संडासात पाणी सोडायचं नाही. 4 ऑगस्ट 1944 ला ते पकडले गेले. आठांपैकी ओटो तेवढे परत आले. नेदरलँड्समधल्या सुमारे 1 लाख 40 हजार ज्यूंपैकी 1 लाखाहून जास्त मारले गेले. वखारीच्या रिकाम्या खोल्यांतून आम्ही सगळे ओळीनं, न बोलता, लपायच्या जागेचं दार झाकणाऱ्या त्या पुस्तकांच्या फडताळापर्यंत गेलो. फोटो काढायला मनाई आहे, ते फार बरं आहे.

दुसऱ्या दिवशी भाची म्हणाली, संग्रहालयं पुरे, आज मेट्रोनं जाऊ. तिनं मला मुद्दाम रोकीन स्टेशनवर उतरवलं. रोकीन म्हणजे आम्स्टेल नदीचाच बुजवलेला भाग. शहराच्या पोटातून मेट्रो न्यायची म्हणून इथला नदीचा तळ खणला गेला. ती मेट्रो 2018 साली सुरू झाली. त्याआधी खर्च वाढत गेला, आणि 2008 मध्ये विजेलग्राख्तवरची जुनी घरं खचली म्हणून शहरात बराच गदारोळ झाला. पण खणताना पुरातत्त्ववाले हजर होते आणि तळातून सुमारे सात लाख वस्तू निघाल्या. त्यातल्या काही हजार सरकत्या जिन्यांच्या मधोमध काचेखाली मांडल्या आहेत. वेगळं तिकीट नाही. जिना खाली जातो आणि आपल्या शेजारून वस्तू वर सरकत जातात. किल्ल्या, किल्ल्या, आणखी किल्ल्या. मातीच्या पांढऱ्या चिलमी, फासे, कंगवे, बुटांची बकलं, कवळ्या, चमचे, मोबाइल. सोन्यानाण्याचं कौतुक नाही. सगळं एका मापानं मांडलेलं. मी जिन्यानं खाली गेले, दुसऱ्यानं वर आले, पुन्हा खाली गेले. स्टेशनवरचा सुरक्षारक्षक माझ्याकडे जरा संशयानं बघायला लागला तेव्हा भाचीनं मला ओढून नेलं.

कालव्याची खोली तीन मीटर: एक मीटर चिखल, एक मीटर सायकली, एक मीटर पाणी, असा तिथला विनोद आहे. तो फारसा विनोद नाही. दर वर्षी 12 ते 15 हजार सायकली पंजाच्या बोटीनं बाहेर काढाव्या लागतात.

आता मुख्य गोष्ट. आऊडे होखस्ट्राट नावाच्या गजबजलेल्या गल्लीत, गांजाच्या दुकानांच्या आणि फ्राइजच्या वासात, एक कमान आहे. आत शिरलं की लाल विटांचं, पांढऱ्या दगडी पट्ट्यांचं प्रशस्त अंगण. आज तिथे ॲम्स्टरडॅम विद्यापीठ आहे; पोरं सायकली टेकवून सँडविच खात होती. हे डच ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्य कार्यालय. कंपनी निघाली 1602 साली, आणि तिच्या भागभांडवलात कुणीही पैसे घालू शकत होतं. एकट्या ॲम्स्टरडॅममध्ये 1,143 लोकांनी नावं नोंदवली. त्यात ज्या संचालकाच्या घरी ही नोंदणी चालू होती त्याच्या घरची मोलकरीण नेल्टगेन कोर्नेलिस हिचेही 100 गिल्डर, म्हणजे तेव्हाची डच नाणी, होते. घरात रोज माणसांची रीघ बघून तिनं शेवटी आपली गाठ सोडली असणार. कंपनीच्या सतरा संचालकांची बैठक इथे बसायची आणि जगाच्या पलीकडच्या बेटांवर काय व्हायचं ते इथे ठरायचं. जायफळाचा मक्ता हवा म्हणून 1621 साली इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर झालेली कत्तल याच कंपनीची. गुलामांच्या व्यापारातला शहराचा वाटा मान्य करून महापौर फेम्के हाल्सेमा यांनी 1 जुलै 2021 ला जाहीर माफी मागितली. अंगणातल्या पोरांना यातलं किती ठाऊक असेल ते असो. मीही त्यांच्या वयाची असताना आमच्या गावातल्या डच वखारीत काय व्हायचं ते मला ठाऊक नव्हतं.

वेंगुर्ल्यात डच वखार आहे. 1637 साली आदिलशाही दरबाराकडून परवानगी मिळवून कंपनीनं तिथे बस्तान बसवलं. गोव्यात पोर्तुगीज होते. त्यांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना तांदूळ, पाणी, लाकूडफाटा जवळून मिळावा, ही मोठी सोय. शिवाय मिरी आणि कापड. 1663 मध्ये डचांनी कोची घेतलं आणि वेंगुर्ल्याचं महत्त्व कमी होत गेलं. पण मधल्या काळात इथून जी पत्रं गेली त्यांत शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या आहेत. इतिहासाचे अभ्यासक आजही त्या वाचतात. आम्हा मुलांना मात्र ती वखार म्हणजे पडक्या भिंती, मधूनच उगवलेली झाडं आणि ‘तिथे संध्याकाळी जाऊ नका’ एवढंच.

त्या अंगणात उभी राहून मी हिशोब करत होते. एकाच कंपनीची दोन घरं. एकाच्या भिंतींचा दगडन्‌दगड पुसलेला, खिडक्यांना रंग. दुसऱ्याचं छप्परही जागेवर नाही. मला राग आला का? थोडा आला, पण डचांचा नाही. त्यांनी आपली वखार सांभाळली. आपण आपल्या गावातली, मग ती कुणी का बांधलेली असेना, सांभाळायला काय हरकत होती? भाची म्हणाली, “मावशी, त्यांची वखार आपण का जपायची?” हा प्रश्नही अगदी चुकीचा नाही. ज्यांनी आपल्या किनाऱ्यावर तोफा आणि तराजू एकदम आणले त्यांच्या भिंतींना डागडुजीचा निधी द्यावा का, यावर वेंगुर्ल्यात दोन्ही बाजूंनी भांडणारे मिळतील. मी जपावी म्हणणाऱ्यांतली. भिंत पडली की भांडायलाही काही उरत नाही.

त्या रात्री जेवणानंतर भाचीनं लॅपटॉप उघडला. कंपनीची दप्तरं हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कपाटांत ओळीनं लावली तर किलोमीटरभराहून लांब भरतील एवढी, आणि 2003 पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृतिठेव्यात. आता तो हस्तलिखित कागद संगणकाला वाचायला शिकवून शोधता येईल असा केला आहे. डच लोक आमच्या गावाला ‘विंगुर्ला’ म्हणायचे. भाचीनं ते त्यांच्या स्पेलिंगनं टाकलं आणि पानंच्या पानं समोर आली. तपकिरी शाई, उजवीकडे झुकलेली घाईची अक्षरं, समासात बारीक टिपणं. भाची नेदरलँड्समध्ये राहून डच शिकली आहे, पण तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या लिपीपुढे तिचंही काही चालेना. एखादा शब्द लागायचा: ‘तांदूळ’, ‘जहाज’, पुन्हा ‘विंगुर्ला’. आकडे मात्र स्वच्छ कळत होते. उजव्या बाजूला रकमा, खाली बेरीज, बेरजेखाली दोन रेघा. माझे आजोबा दुकानाच्या वहीत अशाच दोन रेघा ओढायचे.

“आता मालवण शोध,” मी म्हटलं.

“स्पेलिंग काय असेल?”

तिचं म्हणणं शेवटी ‘एन’ असणार. मी म्हटलं, ज्या लोकांनी वेंगुर्ल्याचं विंगुर्ला केलं ते मालवणला सोडतील होय? साडेअकरा वाजेपर्यंत आम्ही स्पेलिंगं टाकत बसलो होतो.